मृगाआधी गाडीच्या टायरची परीक्षा

मृग लागण्यापूर्वीच्या आठवड्यात, गाडी रात्रभर उभी असल्यामुळे टायर पूर्ण थंड असताना, पहिले काम करावे ते हवेचा दाब मोजण्याचे. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी जो आकडा दिलेला असतो तोच प्रमाण मानावा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की दाब एका पीएसआयच्या (टायरमधील दाब मोजण्याच्या एककाच्या) आसपास घटतो, म्हणजे नाशिकच्या 38 अंशांच्या दुपारी बरोबर असलेली हवा पावसाळी सकाळच्या 24 अंशांत, कोठेही गळती नसताना, अडीच पीएसआयने कमी भरते. कमी हवेच्या टायरचा मधला पट्टा रस्त्यावर नीट दाबला जात नाही आणि पाणी नेमके तेथेच अडकून राहते. ओल्यात पकड वाढावी म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवणारे अनेक जण भेटतात. ती युक्ती वाळूत चालते, डांबरावर उलटी पडते.

त्यानंतर खाचांची खोली पाहावी. नव्या टायरच्या मुख्य खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात आणि कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर खोली लागते. त्या पातळीवर खाचेच्या तळाशी आडवे उंचवटे ठेवलेले असतात आणि ते कोठे आहेत हे दाखवणारी ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे किंवा एखादा बाण टायरच्या कडेला असतो. मात्र कायद्याची मर्यादा गाठेपर्यंत थांबणे मला पटत नाही. प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेने रस्त्याला टेकलेला असतो, आणि तेवढ्या जागेखालचे पाणी क्षणार्धात बाहेर फेकण्याचे काम या खाचांचे असते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ते जमायचे तर तीन मिलिमीटर उरल्यावर टायर बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोजताना बाहेरची कड, मध्य आणि आतली कड अशा तिन्ही जागी मापक टेकवावा, आणि पुढच्या चाकांची आतली कड दिसण्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवावे, कारण अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषेतली ठेवण, बिघडलेल्या गाडीचा टायर बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून गुळगुळीत झालेला असतो.

खाचा खोल आहेत म्हणून टायर चांगला, असेही नसते. बाजूवरील ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात, 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जी गाडी आठवड्यातून एकदा गंगापूर रोडवर भाजी आणायला निघते तिच्या टायरच्या खाचा सहा वर्षांनीही भरपूर दिसतात, पण रबर कडक झालेले असते आणि कडक रबर ओल्या डांबराच्या बारीक खडबडीत शिरून बसत नाही. अंगठ्याचे नख खाचेजवळच्या रबरात दाबून पाहावे, तेच नव्या टायरवरही करावे. फरक बोटाला कळतो. खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या तर अधिक विचार करत बसू नये.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवावेत, आणि याबाबत दुकानदाराशी वाद घालण्याची तयारी ठेवावी. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर म्हणून नवे पुढे, या सल्ल्यावर विश्वास ठेवून मी एका पावसाळ्यात सिन्नरहून मोहदरी घाट उतरत होतो. वेग जेमतेम पन्नास. वळणात रस्त्यावरून आडवे वाहणारे पाणी पुढच्या नव्या टायरांनी सहज कापले, मागच्या झिजलेल्यांना ते कापता आले नाही. स्टिअरिंग हातात घट्ट होते, समोरचा रस्ता सरळ दिसत होता आणि पाठीमागून कोणी गाडी कडेला ढकलावी तशी डिकी डावीकडे निघाली. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी सावरली. पुढची पकड सुटू लागली तर स्टिअरिंग हलके होऊन सूचना देते आणि वेग उतरला की गाडी पुन्हा वळू लागते. मागची पकड सुटल्यावर मात्र सर्वसाधारण चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी, आणि ती रहदारीच्या रस्त्यावर कदापि करू नये. द्राक्षांचा हंगाम संपल्यावर पिंपळगाव-दिंडोरीकडील पॅकहाऊसची सिमेंटची आवारे मोकळी असतात. ओळखीच्या मालकाची परवानगी घेऊन तशी लांब, सपाट जागा मिळवावी. ताशी 30 किलोमीटर वेगाने येऊन खडूच्या रेघेवर पूर्ण ब्रेक दाबावा आणि गाडी थांबेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे. पहिल्यांदा कोरड्या जमिनीवर तीनदा, मग पाऊस झाल्यावर त्याच रेघेवर तीनदा. माझ्या गाडीला कोरड्यात सात पावले लागली, ओल्यात दहा. हीच पकड धरली तर ताशी 60 ला ते अंतर चौपट होते, म्हणजे चाळीस पावले, आणि ब्रेकवर पाय पोहोचण्यापूर्वीच सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापले जाते ते वेगळे. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत पायाखाली पॅडल थरथरते आणि खरखर आवाज येतो. त्या वेळी पाय उचलायचा नसतो, हे कसाऱ्याच्या उतारावर प्रथमच अनुभवण्यापेक्षा या आवारात अनुभवलेले बरे. ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दाब आणि अलाइनमेंट पुन्हा तपासावे.

रस्त्याची परीक्षा तेवढीच महत्त्वाची. पहिल्या सरीच्या सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे सर्वांत घसरडी, कारण महिनोन्‌महिने साचलेले तेल आणि धूळ तेव्हा वर येते आणि अजून वाहून गेलेली नसते. शहरातल्या उड्डाणपुलाचे लोखंडी सांधे, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि गटारांची झाकणे यांवर वळू नये व ब्रेकही दाबू नये. गिरणारे रस्त्यावर टोमॅटोच्या ट्रॅक्टरांनी शेतातून आणलेली काळी माती डांबरावर पसरलेली असते. तिच्यावर उत्तम टायरही निरुपयोगी ठरतो. महामार्गावर साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग अचानक हलके झाले आणि इंजिनाचा आवाज चढला, तर चाके पाण्यावर तरंगू लागली आहेत असे समजून ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ब्रेकला हात लावल्यासारखेही करू नये. वेग आपोआप कायम ठेवणारा क्रूझ कंट्रोल पावसात बंद.

पावलांचे आकडे, चारही टायरची खोली आणि तारीख एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि श्रावणात त्याच खडूच्या रेघेवर पुन्हा जावे. दहाची बारा पावले झाली असतील तर त्या आठवड्यातली सापुताऱ्याची सहल पुढे ढकलून आधी टायर पाहावेत. स्टेपनीची हवाही त्याच दिवशी भरून घ्यावी.