सबवूफर आणि ॲम्प्लिफायरची जोडी जमवताना या चुका टाळा

गाडीत बेस वाढवायचा म्हटलं की आपल्याकडं दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वॅटचा हाय?" मिरवणुकीतला डॉल्बी ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला दणका म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. पण मिरवणुकीतला दणका जनरेटरवर चालतो. गाडीत तोच दणका एका बॅटरीतून आणि अल्टरनेटरमधून काढायचा असतो. तिथं विचारायचे प्रश्न दोन आहेत. सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, किती आरएमएस (सततचे) वॅट झेलतो? आणि तो किती ओहमचा आहे, म्हणजे विजेला किती अडवतो? ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय ॲम्पच्या किमतीवर घासाघीस सुरूच करू नका.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबणं

खोक्यावर ठळक अक्षरांत २००० वॅट, ३००० वॅट लिहिलेलं असतं. ती बहुतेक वेळा पीक पॉवर असते, म्हणजे क्षणभराची. सतत मिळणारी किंवा सतत झेलता येणारी ताकद म्हणजे आरएमएस, आणि जोडी जमवायची ती याच आकड्यावर. सबवूफर ३०० वॅट आरएमएसचा असेल तर त्याच ओहमला साधारण ३०० आरएमएस देणारा ॲम्प बघा. ॲम्पच्या माहितीपत्रकात सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) या ताकद मोजायच्या मानकाचा उल्लेख असेल तर त्या आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. त्यात १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर आणि १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड) ठेवून मोजलेली ताकद लिहावी लागते.

उल्लेख नसेल तर ॲम्प उलटा करून फ्यूज बघा. समजा ३० अँपिअरचा एकच फ्यूज आहे. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ च्या आसपास असतं. ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॅट, एवढीच वीज तो सतत आत घेऊ शकतो. क्लास डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या ॲम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बाहेर पडतात ३३० च्या आसपास. जास्त तापणारा क्लास एबी प्रकार असेल तर त्याहून बरेच कमी. खोक्यावर ३००० लिहिलेलं असलं तरी हे गणित बदलत नाही.

ओहमचा हिशेब न करता वायर जोडणं

जास्तीत जास्त ॲम्प इथंच प्रोटेक्टमध्ये जातात (स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडतात) किंवा कायमचे बसतात, म्हणून हा भाग नीट बघू.

हल्लीचे बरेच सबवूफर ड्युअल व्हॉइस कॉइलचे असतात, म्हणजे एकाच सबमध्ये कोन हलवणाऱ्या तारेच्या दोन गुंडाळ्या, दोन कॉइल. ड्युअल ४ ओहमचा सब पॅरलल जोडला, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, तर ॲम्पला २ ओहम दिसतात. सिरीजमध्ये, म्हणजे एका कॉइलमागं दुसरी, जोडला तर ८. ड्युअल २ ओहमचा सब पॅरललमध्ये १ ओहम होतो आणि सिरीजमध्ये ४. सब तोच, पण जोडणी बदलली की ॲम्पवरचा भार चौपट बदलतो.

एकच मोनो (एका चॅनलचा) ॲम्प ४ ओहमला ३००, २ ओहमला ५०० आणि १ ओहमला ८०० वॅट देऊ शकतो. जास्त वॅटच्या ओढीनं सगळे ओहम खाली आणायला बघतात. तुमचा ॲम्प २ ओहमपर्यंतच स्टेबल असेल आणि तुम्ही त्याला १ ओहम दिलात, तर तो तापणार आणि बंद पडणार. दोन ड्युअल २ ओहमचे सब सगळे पॅरलल जोडले तर अर्धा ओहम होतो. बाजारातले बहुतेक ॲम्प तिथं टिकत नाहीत. त्याच दोन सबच्या कॉइल आपापल्यात सिरीज करा आणि मग दोन सब एकमेकांना पॅरलल जोडा. २ ओहम मिळतात आणि २ ओहमला स्टेबल असलेला ॲम्प आरामात चालतो.

चार चॅनलचा ॲम्प ब्रिज करताना, म्हणजे दोन चॅनल मिळून एक सब चालवतानाही, हाच घोटाळा होतो. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला निम्मेच ओहम दिसतात. ४ ओहमचा सब ब्रिज केला तर प्रत्येक चॅनलवर २ ओहमचा भार पडतो, २ ओहमचा सब लावला तर १ ओहमचा. म्हणून माहितीपत्रकात ब्रिज्डसाठी किमान ४ ओहम लिहिलेलं असतं. ते पाळा.

वायर ॲम्पला लावायच्या आधी मल्टिमीटरनं सबच्या वायरीची दोन टोकं मोजा. ४ ओहमची जोडणी मीटरवर थोडी कमी, साधारण ३.२ ते ३.७ दिसते. ते बरोबरच आहे. १.६ दिसलं तर तुम्ही २ ओहमवर आहात.

गेनला आवाजाचं बटण समजणं

"ॲम्प लहान घेतला म्हणून वूफर जळाला" असं सर्रास ऐकू येतं. लहान ॲम्पमुळं सब जळत नाही. आवाज कमी पडतो म्हणून गेन पूर्ण फिरवला जातो, बेस बूस्ट चढवला जातो आणि ॲम्प क्लिप करायला, म्हणजे ताकद संपल्यानं आवाजाच्या लाटांची टोकं कापायला लागतो. पूर्ण क्लिप झालेला ॲम्प आपल्या आरएमएसच्या दुपटीपर्यंत ताकद कॉइलमध्ये ओततो. ३०० वॅटच्या सबवर ३०० वॅटचाच ॲम्प असूनही असा गेन ठेवला, तर कॉइल भाजून निघते.

गेनचं काम एकच, स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्पचं इनपुट जुळवणं. ते मीटरवर लावता येतं. हवे ते वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ काढा. ३०० वॅट आणि २ ओहम असतील तर ६०० चं वर्गमूळ, २४.५ व्होल्ट. सबच्या वायरी काढून ठेवा, इक्वलायझर सपाट करा, बेस बूस्ट आणि लाउडनेस बंद करा, गेन शून्यावर आणा. स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि २४.५ दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा. पाच मिनिटांचं काम आहे. फिटरला घाई असली तरी ते करून घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.

स्वस्त वायर आणि रंगावरचा अर्थिंग

५०० वॅट आरएमएसचा क्लास डी ॲम्प पूर्ण ताकदीला साधारण ४५ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत त्याला शुद्ध तांब्याची ४ गेज वायर द्या (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). ३०० वॅटला ८ गेज पुरते. बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर असते. वायरीची एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची, मग तिचा गेज एक-दोन साईज जाड घ्यायला हवा.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आतच हवा. तो ॲम्पला वाचवायला नसतो. वायर कुठं घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून तो असतो. ८ गेजला ५० अँपिअर, ४ गेजला १०० अँपिअरच्या वर जाऊ नका. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडं) बसवलाच पाहिजे. आपल्याकडच्या पावसात उघड्या भोकातून पाणी थेट पायाशी येतं.

अर्थिंगच्या जागेचा रंग घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा, पॉवरच्याच गेजची आखूड वायर वापरा आणि बोल्ट घट्ट करा. वायरीच्या टोकाचा लग (धातूची टोपी) पकडीनं चेमटवू नका, उद्यमनगरात कुठूनही नीट क्रिंप करून घ्या. नंतर उघड्या पत्र्याला रंग लावा, नाहीतर गंज धरतो.

बॉक्स आणि फिल्टर

सबचं माहितीपत्रक जेवढे लिटर सांगतं, बॉक्स तेवढ्याच लिटरचा करा. सुताराला "डिकीत बसेल एवढा" असं सांगून केलेला बॉक्स महागड्या सबचीही माती करतो. शंका असेल तर सील्ड (पूर्ण बंद) बॉक्स घ्या, त्यात थोडंफार इकडंतिकडं चालतं. पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेल्या) बॉक्सला सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारा फिल्टर, पोर्टच्या ट्यूनिंगच्या थोडं खाली लावा, नाहीतर खालच्या सुरांना कोन (सबचा हलणारा पडदा) बेलगाम हलतो. लो पास (फक्त खालचे सूर सोडणारा फिल्टर) ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा.

माझं मत विचाराल तर रोजच्या स्विफ्ट-वॅगनआरला सील्ड बॉक्समधला १० इंची एक सब आणि खरे ३०० वॅट देणारा मोनो ॲम्प भरपूर झाला. दोन १२ इंची सब लावून डिकी घालवण्यापेक्षा उरलेले पैसे चांगल्या वायरीवर आणि दरवाजांच्या डॅम्पिंगवर (पत्र्याची थरथर रोखणाऱ्या अस्तरावर) घाला.

लावल्यानंतर बिघडलं तर

प्रोटेक्टचा लाल दिवा लागला तर सबच्या वायरी काढून ॲम्प चालू करा. दिवा गेला तर दोष सबमध्ये, ओहममध्ये किंवा कुठंतरी टेकलेल्या वायरीत आहे. तसाच राहिला तर अर्थिंग आणि व्होल्टेज तपासा, तेही ठीक असेल तर ॲम्प गेला समजा.

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी बहुतेक वेळा खराब अर्थिंगची असते. स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवर वायरीला चिकटून नेली असेल तर ती गाडीच्या दुसऱ्या बाजूनं न्या.

दणक्याबरोबर हेडलाईट मंद होत असतील तर ॲम्पच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज बॅटरीवरच्या व्होल्टेजशी ताडून बघा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर वायर किंवा जोड बदला. दोन्हीकडं सारखंच पडत असेल तर अल्टरनेटर पुरत नाही, मग ॲम्प लहान करा. रंकाळ्यावर इंजिन बंद ठेवून तासभर गाणी वाजवणाऱ्यांनी व्होल्टेज १२ च्या खाली जायच्या आत गाडी चालू करावी.

बेस डिकीत आहे पण ड्रायव्हरच्या सीटवर येत नाही, असं वाटलं तर फेजचा स्विच ० वरून १८० वर करून ऐका. आणि सबमधून जळका वास आला तर त्याच क्षणी आवाज बंद करा. गार झाल्यावर कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून बघा. आत खरखर लागली किंवा मीटरवर कॉइल उघडी (तुटलेली) दिसली तर सब बदलावा किंवा रीकॉइल करावा लागेल. नवा सब जोडायच्या आधी गेन मात्र पुन्हा मीटर लावून बसवा, नाहीतर तोही त्याच वाटेनं जाईल.