नदीवर लिहिताय? एकच नाला धरा

नाशिकच्या गोदावरी किंवा नासर्डी नदीच्या घाणीवर कितीही पोटतिडकीने लिहा, लोक ‘खरंय हो’ म्हणतात आणि पुढे जातात. त्यापेक्षा अख्खी नदी सोडा, एकच जागा धरा.

१. गोदाकाठचा असो की कॉलनीमागचा, पाण्यात सांडपाणी सोडणारा एक नाला निवडा. दर रविवारी त्याच जागी उभं राहून फोटो काढा. पुलाचा खांब, देवळाचा कळस, विजेचा खांब, काहीतरी न हलणारं प्रत्येक फोटोत हवंच. नाहीतर ‘हा फोटो इथला नाहीच’ म्हणणारा एक जण भेटतोच. खाली तारीख टाका.

२. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. मत विचारू नका, कागद मागा: या नाल्याच्या कामाचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि त्यातली मुदत. उत्तराची मुदत ३० दिवस.

३. मग लिहिताना एवढंच टाका: फोटो, उत्तराची प्रत, एक मागणी. बास.

रामकुंडावर आंघोळ करणारे किंवा दशक्रियेला बसलेले लोक मात्र फोटोत घेऊ नका. मग नाला राहतो बाजूला आणि भांडण त्यावरच होतं.