छावणीशेजारी राहताय? आगीच्या वेळी या चुका टाळा

खडकीतल्या एका लष्करी डेपोत मी फायरमन म्हणून लागलो आणि लीडिंग हँड, म्हणजे फायरमनच्या तुकडीचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. लोक आम्हाला फौजी समजत, पण आम्ही सिव्हिलियन. डेपोतली आग हे आमचं पहिलं काम. कुंपणाबाहेर, खडकी बाजारात किंवा बोपोडीत मोठं काही पेटलं आणि बोलावणं आलं, की आमचीही गाडी निघायची.

लोकांची सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे आत काय जळतंय ते न सांगणं. दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही कामावर असताना जीव गमावलेल्या फायरमनना मानवंदना देतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटलं. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

आमच्याकडे एकदा बाजारामागच्या गल्लीत भंगाराचं दुकान पेटलं. मालक हात जोडून म्हणाला, “साहेब, नुसता पुठ्ठा आहे.” आमचा पोरगा ब्रँच, म्हणजे पाण्याच्या पाइपाचं तोंड, धरून दारापर्यंत गेला आणि आतून फटाफट आवाज सुरू झाले. रंगाचे स्प्रे कॅन होते. त्यांच्या मागे गॅस भरलेला छोटा सिलिंडर निघाला. त्याच्यावर आडोशाने पाण्याचा मारा करत राहिलो. थंड झाल्यावर बघितलं तर त्याच्या अंगावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता. कारवाई होईल या भीतीने मालक गप्प राहिला होता. त्याची भीती मला कळते, पण दारात उभा असलेला पोरगा बावीस वर्षांचा होता. आत कोण अडकलंय, सिलिंडर किती आहेत, पेट्रोल-थिनर कुठे आहे, एवढं आधी सांगा. फायरिंग रेंजवर सापडलेलं पितळ-लोखंड घरात किंवा दुकानात आणूच नका. दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

दुसरी चूक, हद्द शोधत बसण्याची. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), छावणी मंडळं आणि लष्करी आस्थापना, प्रत्येकाच्या गाड्या वेगळ्या. कोणाची हद्द आहे ते कंट्रोल रूम बघेल. तुम्ही १०१ किंवा ११२ लावा आणि नुसतं “रेंजहिल्सला आग लागलीय” म्हणून फोन ठेवू नका. क्वार्टरचा ब्लॉक, मजला, जवळची ठळक खूण सांगा. छावणीत रात्री काही गेट बंद असतात, कुठे उंची अडवणारा लोखंडी आडवा खांब असतो, कुठे रेल्वेखालचा रस्ता बुटका असतो. उघड्या गेटवर एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा.

डेपोच्या सगळ्या गाड्या बाहेर का येत नाहीत, असं लोक रागाने विचारायचे. आत दारूगोळा असेल तर तो उघडा टाकून येता येत नाही. मे २०१६ च्या अखेरीस पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग विझवायला गेलेले आमच्यासारखेच लोक गेले. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या स्टेशनात कुणी जेवलं नाही.

म्हणूनच डेपोच्या भिंतीलगत कचरा जाळणाऱ्यांना मी आजही अडवतो. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्डांचा रेड झोन आहे, म्हणजे जवळपास १.८ किलोमीटर. लोकांना त्यातलं बांधकामाचं बंधन तेवढं माहीत असतं. मार्च ते मे गवत वाळून काडी होतं आणि पालापाचोळ्याची एक ठिणगी वाऱ्यावर कुंपण ओलांडते. लग्नातले अग्निबाण आणि उडते कंदीलही तसेच.

२६ मार्च २०२१ च्या रात्री पुणे कॅम्पातला फॅशन स्ट्रीट हा कपड्यांचा बाजार जळाला. चिंचोळ्या वाटा, एकाला एक चिकटलेली दुकानं, लटकलेले कपडे. ती आग विझवून घरी परतताना छावणीच्या अग्निशमन दलाचे प्रमुख प्रकाश हसबे अपघातात गेले. अशा गल्लीच्या तोंडाशी दुचाकी लावून “दोनच मिनिटं” म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगेन, की आमचा एक होज, म्हणजे पाण्याचा पाइप, १५ मीटरचा असतो. गाडी जितकी मागे थांबेल तितके होज जोडत बसावे लागतात.

घरातल्या चुका नेहमीच्याच. पेटलेल्या तेलात पाणी ओतू नका, गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवा. वायर जळाल्याचा वास आला तर आधी मेन स्विच पाडा. अग्निशामक नळकांड्याची पिन काढून फवारा ज्वाळांच्या शेंड्यावर मारू नका, बुडाशी मारा. काटा हिरव्या पट्ट्यात नसेल तर ते नळकांडं भरून आणा.

आणि पाणी. ४५०० लिटरची गाडी एका जोरदार ब्रँचवर साधारण दहा मिनिटांत रिकामी होते. पुढचं पाणी तुमच्या सोसायटीच्या टाकीतून घ्यायचं असतं. जिन्यातला होज बॉक्स आजच उघडून बघा. पितळी नोझल बहुतेक ठिकाणी चोरीला गेलेला असतो, होज घडीवर चिरलेला असतो, व्हॉल्व्ह गंजून फिरत नाही. खालच्या टाकीच्या झाकणाची आणि पंपरूमची चावी रात्रीच्या वॉचमनकडे असू द्या. सेक्रेटरी गावाला गेलेले असताना आम्ही पहारीने कुलूप तोडत बसलेलो आहोत.