अँटेना शिकायला बसताय? आधी तारेतला करंट बघा

गोवा विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स करताना अँटेनाचं प्रकरण मला मनापासून आवडलं. आता फोंड्यात बीएस्सीची मुलं शंका घेऊन येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तारेचं टोक मोकळं, सर्किट पूर्णच होत नाही, मग करंट वाहतो कसा? प्रश्न रास्त आहे. तो सुटल्याशिवाय मॅक्सवेलच्या समीकरणांत शिरू नका.

दोन समांतर तारांची फीडर घ्या, म्हणजे ट्रान्समीटरचा उलटसुलट करंट अँटेनापर्यंत नेणारी जोडी, पुढची टोकं मोकळी. टोकाशी करंट शून्य, कारण पुढे वाटच नाही. तिथे चार्ज साचतो, अर्ध्या आवर्तनानंतर उलट चिन्हाचा साचतो. ही ये-जा म्हणजेच करंट. दोन तारांत तो विरुद्ध दिशांना वाहतो आणि तारा जवळजवळ असल्याने दूरवर त्यांचे परिणाम एकमेकांना खोडतात. आता शेवटची पाव तरंगलांबी दोन्हीकडे काटकोनात उघडा. दोन्ही हातांतला करंट एकाच दिशेचा होतो, मध्यावर सर्वाधिक! हाच हाफ-वेव्ह डायपोल. ही आकृती बाणांसकट स्वतःच्या हाताने काढाच.

सेलचा स्थिर करंट लहर सोडत नाही. चार्जचा वेग बदलला की त्याच्या क्षेत्रात वाक पडतो आणि तो प्रकाशाच्या वेगाने बाहेर सरकतो. अंतर दुप्पट झालं की स्थिर चार्जचं क्षेत्र पाव उरतं, या वाकाचं मात्र अर्धं. क्षेत्र अर्धं म्हणजे ऊर्जेची तीव्रता पाव, पण गोलाचं क्षेत्रफळ चौपट. हिशेब तंतोतंत जुळतो, म्हणजे ती ऊर्जा कायमची निघून गेली. ट्रान्समीटरला हे जाणं रोधासारखं जाणवतं: हाफ-वेव्ह डायपोलला सुमारे 73 ओहम. तार तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढी आखूड केली तर जेमतेम 2 ओहम, मग बरीच पॉवर तारेच्या नि सांध्यांच्या रोधातच जिरते.

प्रक्षेपणाला परवाना लागतो, पण एफएम ऐकायला डायपोल खुशाल बांधा. 100 मेगाहर्ट्झला प्रत्येक हात सुमारे 71 सेंटिमीटर. आपल्या खाऱ्या हवेत तांब्याचे सांधे हिरवे पडतात, तेव्हा नीट डाग देऊन वरून सीलंट लावा. मोकळ्या गच्चीवर तो आडवा धरून हळूहळू फिरवा. टोक स्टेशनच्या रोखाने आलं की आवाज पडतो: त्या दिशेने येणाऱ्या लहरीचं विद्युतक्षेत्र तारेला आडवं असतं, ते चार्जला तारेच्या लांबीने ढकलूच शकत नाही.