एमडी सुटल्यावर एडीएचडीचं औषध सुरू करताना

पूर्वी एमडी (मेफेड्रोन ही नशेची पावडर) किंवा कोकेन घेतलं असेल, किंवा परीक्षेच्या दिवसांत मित्राच्या मेथिलफेनिडेटच्या (लक्ष लागावं म्हणून देतात त्या) गोळ्या कुटून ओढल्या असतील, आणि आता एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि उतावीळपणा यांच्या विकाराचं, निदान समोर आलं असेल, तर बहुतेकांना एकच धास्ती असते: डॉक्टरांना हे सांगितलं तर औषधच मिळणार नाही. तरीही पहिल्याच भेटीत सगळं सांगा. कोणतं औषध, कोणत्या रूपात आणि एका वेळी किती गोळ्या द्यायच्या, हे त्या माहितीवरच ठरतं. जुनं व्यसन म्हणजे उपचाराला कायमची बंदी नाही. ते लपवून सुरू केलेलं औषध मात्र खरोखर धोक्याचं आहे.

तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून कागदावर लिहून न्या. पदार्थ कोणता, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, तोंडाने, नाकातून की सुईने, दिवसाला जास्तीत जास्त किती, शेवटचं कधी घेतलं, आणि कशासाठी. हे ‘कशासाठी’ फार महत्त्वाचं. जागून अभ्यास व्हावा म्हणून गोळी गिळणारा आणि किक हवी म्हणून पावडर ओढणारा, दोघांचा धोका सारखा नसतो. दारू, गांजा, तंबाखू, गुटखा हेही त्याच कागदावर लिहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार ही माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि व्यसनाचे आजारही त्या कायद्याच्या कक्षेत येतात.

निदानाची घाई नको, चालढकलही नको

एमडी किंवा कोकेन थांबवल्यावर पहिले काही आठवडे झोप बिघडते, अंगात त्राण नसतं, कशातच लक्ष लागत नाही. हे चित्र हुबेहूब एडीएचडीसारखं दिसतं. म्हणून लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून होती का, हे तपासलं जातं. जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’, ‘वह्या अपूर्ण’ असे शेरे इथे मोलाचे ठरतात. जमलं तर आईला किंवा मोठ्या बहिणीला सोबत न्या. लहानपणच्या सवयी आपल्यापेक्षा त्यांना नीट आठवतात.

‘आधी वर्षभर कोरडे राहा (म्हणजे नशेपासून दूर), मग एडीएचडीचं बघू’ असं कोणी म्हटलं, तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्या. उतावीळपणा आणि कंटाळा सहन न होणं यांवर उपचारच झाले नाहीत, तर कोरडं राहणंही अवघड जातं. दोन्हींचे उपचार सोबत चालवता येतात.

सुरुवातीला बीपी, नाडी आणि वजन यांची नोंद हवी. एमडी-कोकेनचा इतिहास असेल, छातीत धडधड होत असेल किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक दगावलं असेल, तर ईसीजी काढून घ्या.

कोणतं औषध

अनेकदा सुरुवात अ‍ॅटोमॉक्सेटिनने होते, कारण त्याने किक येत नाही. प्रौढांत साधारण ४० मिग्रॅ रोजपासून सुरू करून पुढे ८० पर्यंत नेतात. कमाल १०० मिग्रॅ. काहींना त्याहून कमी डोसपासून सुरू करावं लागतं. जेवणानंतर घ्या, नाहीतर मळमळतं. तोंड कोरडं पडणं, घाम, लघवी अडखळत होणं, लैंगिक अडचण यांतलं काही झालं तर लाजून गप्प बसू नका. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन किंवा बुप्रोपिऑन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तर तेही सांगा; त्यांच्यामुळे अ‍ॅटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती वाट पाहण्यात. एमडीचा परिणाम मिनिटांत जाणवतो, अ‍ॅटोमॉक्सेटिनला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. दहाव्या दिवशी ‘काहीच होत नाही’ म्हणून गोळी बंद करणारे बरेच असतात. तारीख लिहून ठेवा आणि सहा आठवड्यांच्या आत निकाल लावू नका.

त्याने भागलं नाही तर मेथिलफेनिडेट, पण दीर्घकाळ चालणारं. मेंदूत औषध किती वेगाने चढतं यावर किक ठरते. हळू सुटणाऱ्या गोळीत तो वेग मुद्दाम मारलेला असतो, म्हणूनच ती चावायची, फोडायची किंवा कुटायची नाही. १८ मिग्रॅची गोळी असेल तर सकाळी एक, आणि गरज पडल्यास आठवड्याच्या अंतराने १८-१८ ने वाढ. ही वाढ डॉक्टर ठरवतात. स्टॉकहोम परिसरातल्या तुरुंगांत अँफेटामिनचं व्यसन असलेल्या ५४ पुरुषांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकाळ चालणाऱ्या मेथिलफेनिडेटने एडीएचडीची लक्षणं कमी झाली आणि व्यसनाकडे वळणंही कमी झालं. तिथले डोस १८० मिग्रॅपर्यंत गेले होते, पण कडक देखरेखीत. तो आकडा घरी वापरायचा नाही.

भारतात मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत, आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत केमिस्ट दोन वर्षं ठेवतो. कोपऱ्यावरच्या दुकानात ते बहुधा मिळत नाही, म्हणून दवाखान्यातूनच पत्ता विचारून निघा. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार ते ऑनलाइन सल्ल्यावर लिहून देता येत नाही.

पहिला महिना

एका वेळी सातच गोळ्या मागा. मोठ्या स्ट्रिपसमोर रोज मन घट्ट करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. गोळ्या कुलपाच्या डब्यात, आणि किल्ली शांत डोक्याच्या माणसाकडे. रोज संशय घेणारा भाऊ या कामाला चालणार नाही.

पहिले दोन-तीन दिवस मेथिलफेनिडेटने जरा उत्साह, हलकेपणा वाटू शकतो. तो ओसरतो. ‘गोळी लागत नाही, वाढवा’ ही मागणी नेमकी याच वेळी होते, आणि ती चुकीची असते. डोस बरोबर असला की विशेष काही जाणवत नाही. फक्त वीज बिल वेळेवर भरलेलं असतं, सुरू केलेलं काम संपलेलं असतं. म्हणून रोज रात्री तीनच गोष्टी लिहा: कोणती कामं पूर्ण झाली, झोप किती, तलफ दहापैकी किती.

संध्याकाळी औषध उतरताना चिडचिड आणि तलफ एकदम वर येते. त्या तासासाठी खाणं तयार ठेवा. दुपारी भूक मेलेली असल्याने पोट रिकामं असतं, आणि रिकाम्या पोटी तलफ दुप्पट वाटते. रोजच असं होत असेल तर वेळ किंवा प्रकार बदलण्याबद्दल विचारा, मनाने दुपारची जादा गोळी घेऊ नका. बसल्या जागी नाडी वारंवार १०० च्या वर किंवा बीपी १४०/९० च्या वर जात असेल, तर पुढच्या गोळीआधी फोन करा.

नशा पुन्हा सुरू झाली का हे पाहायला होणाऱ्या लघवीच्या तपासणीबद्दल एक सांगून ठेवायला हवं: साध्या किटमध्ये एमडी अनेकदा पकडलं जात नाही, आणि बुप्रोपिऑनमुळे अँफेटामिन खोटंच पॉझिटिव्ह येऊ शकतं. चालू औषधांची यादी प्रयोगशाळेला आधीच द्या.

घसरण झालीच, तर एमडी किंवा कोकेन घेतल्यावर मेथिलफेनिडेट घेऊ नका. हृदयावर दोन्हींचा ताण एकत्र पडतो. छातीत दुखलं, दम लागला, भास झाले किंवा कोणीतरी पाठलाग करतंय असं वाटलं, तर १०८. रात्री बोलायला कोणी नसेल तर टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ किंवा व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मग डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका, अलीकडे घ्या, आणि उरलेल्या गोळ्या स्ट्रिपसकट सोबत न्या, म्हणजे त्या मोजून पुढचं ठरवता येईल.