घरच्या प्रोजेक्टरचा आरसा: मिळवणं सोपं, बसवणं अवघड

घरी बनवलेल्या प्रोजेक्टरमध्ये आरशाशिवाय काम भागत असेल तर आरसा लावूच नका. हे वाचून निम्मे लोक वैतागतील, पण मी ठाम आहे. १५ इंची पॅनेल (ज्यावर चित्र उमटतं ती मॉनिटरची एलसीडी काच), ३२० मिमी फोकल लांबीची लेन्स आणि ३ मीटरवर पडदा धरला, तर पॅनेल ते लेन्स हे अंतर जेमतेम ३६ सेंमी येतं. त्यामागे दिवा आणि फ्रेनेल, म्हणजे उजेड एकवटणारी चपटी, खाचांची लेन्स. खोकं लांबुळकं होतं, दिसायला बेढब, पण चित्र स्वच्छ येतं. नुसतं खोकं सुबक दिसावं म्हणून प्रकाशाची वाट वळवायला गेलात तर पुढचा सगळा त्रास आपणहून ओढवून घेतलात असं समजा.

तरीही जागा नसते, हे मला मान्य आहे. माझ्याकडेही नव्हती.

मग पहिला प्रश्न: आरसा पॅनेलच्या आधी येणार की नंतर? सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यातला जो हा प्रश्न न विचारता थेट "कुठलाही चालतो" किंवा "साधा अजिबात चालत नाही" असं सांगतो, त्याचं ऐकू नका. दोन्ही उत्तरं अर्धीच खरी आहेत. दिवा आणि पॅनेल यांच्यामध्ये आरसा फक्त उजेड वळवतो, तिथे अजून चित्रच नसतं. साधा आरसा तिथे खुशाल लावा, फक्त दिव्यापासून लांब ठेवा. नाहीतर पाठीमागचा रंग उष्णतेने फुगून सुटतो आणि काच तडकूही शकते. कोल्ड मिरर हाती लागला तर तो याच जागी लावा. तो दिसणारा उजेड परतवतो आणि बरीचशी उष्णता आरपार जाऊ देतो.

पॅनेलनंतर मात्र फ्रंट सरफेस आरसाच हवा, म्हणजे ज्याचा चकाकता धातूचा मुलामा काचेच्या पुढच्या अंगाला असतो तो. साध्या आरशात मुलामा मागे असतो, त्यामुळे मुलाम्यावरून एक आणि पुढच्या काचेवरून दुसरी अशा दोन प्रतिमा उठतात. आकडे बघा. ४५ अंशांत बसवलेल्या साध्या आरशात काचेचा पुढचा पृष्ठभागच सुमारे ५ टक्के उजेड परतवतो, आणि ही दुसरी फिकट प्रतिमा काचेच्या जाडीच्या साधारण पाऊणपट सरकून पडते. ३ मिमी काचेला सव्वादोन मिमी. १५ इंची एक्सजीए (१०२४ बाय ७६८ पिक्सेलच्या) पॅनेलचा पिक्सेल ०.२९७ मिमीचा असतो, म्हणजे सात पिक्सेलपेक्षा जास्त सरक! उजळ दृश्यात ती खपून जाते, पण काळ्यावर पांढरी अक्षरं आली की प्रत्येक अक्षराखाली त्याचं भूत उभं राहतं.

ओळखायची खूण सोपी आहे. कागदाचा कोपरा आरशाला अलगद टेकवा. कागद आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडले तर मुलामा पुढे आहे, मध्ये फट दिसली तर मागे. पेन्सिल किंवा नख वापरा असं सांगणारे बरेच आहेत, पण ओरखडा तुमच्या आरशावर उठतो, त्यांच्या नाही.

साध्या आरशाच्या पाठीचा रंग खरवडून फ्रंट सरफेस आरसा बनवायचा एक 'जुगाड' फार फिरतो. रंगाखाली बहुधा तांब्याचा थर असतो आणि त्याखाली चांदी. तांबं काढायचं आणि केसापेक्षा कितीतरी पातळ चांदी शाबूत ठेवायची, हे जमणारे लोक असतील. पण उघडी पडलेली चांदी पुढे काळवंडतेच. माझ्या मते हा वेळेचा निव्वळ अपव्यय.

खरा आरसा जुन्या यंत्रांत शोधा. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या डोक्यावरचा आरसा बहुधा फ्रंट सरफेस असतो, पण तो लेन्सनंतर बसवायच्या मापाचा असतो. स्कॅनर आणि झेरॉक्स मशीनमधले आरसे उत्तम प्रतीचे, पण अरुंद पट्ट्या. त्या शेजारी शेजारी चिकटवून मोठा आरसा करायचा मोह होईल. करू नका, दोन पट्ट्या कधीच एका पातळीत बसत नाहीत. मोठा तुकडा हवा तर जुना रिअर प्रोजेक्शन टीव्ही. त्यातही काहींमध्ये काचेऐवजी चौकटीवर ताणलेली फिल्म निघते, ती सोडून द्या. आणि पिक्चर ट्यूबवाला टीव्ही स्वतः उघडू नका. बंद असला तरी आत उच्च दाबाची वीज साठून राहिलेली असू शकते. इथे धाडस नको, जाणकाराकडूनच उघडून घ्या.

मापाला फार घाबरू नका. पॅनेल ३०४ बाय २२८ मिमी आणि लेन्स सुमारे ९० मिमी धरली, तर दोघांच्या बरोबर मध्यावर उजेडाचा झोत साधारण १९७ बाय १५९ मिमीचा उरतो. वळण आखूड बाजूच्या दिशेने घेतलं तर आरसा ४५ अंशांत तिरका असल्याने १५९ ला १.४१ ने गुणा, म्हणजे २२५ मिमी. पॅनेलकडच्या कडेला झोत रुंद असतो, त्यामुळे कागदावर मापात आकृती काढून तिकडे जास्तीची जागा सोडा. एका आरशाने चित्र उलटं होतं, ते पॅनेल पालथं करून किंवा सेटिंगमध्ये सरळ करता येतं.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं ती: बाक.

आरसा चांगला, मुलामा चांगला. सुरू केलं की चित्र कडक. अर्ध्या-पाऊण तासाने अक्षरं मऊ पडायला लागतात. फोकस फिरवला की आडव्या रेघा धारदार होतात पण उभ्या फिसकटतात, आणखी फिरवला की नेमकं उलटं. संशय साहजिकच लेन्सवर जातो, मग फ्रेनेलवर, मग पॅनेल तापलं असेल यावर. आरशाकडे कोणी बघतच नाही, कारण काच काय वाकणार! काच वाकते. चारही कोपऱ्यांत घट्ट आवळलेली काच खोक्याबरोबर ओढली जाते, कारण तापलेलं ॲल्युमिनियम काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं, आणि लाकूड कोरडं होताना पिळतं. ३०० मिमी लांबीत मध्ये फक्त अर्धा मिमी बाक आला, तर तुमचा आरसा सपाट राहत नाही, २२.५ मीटर त्रिज्येचा वक्र आरसा होतो. तोही ४५ अंशांत कललेला, म्हणून आडव्या आणि उभ्या रेघांचा फोकस वेगवेगळा.

तपासायची रीत अशी: यंत्र पूर्ण तापू द्या, चित्र बिघडू द्या, आणि मग आरशाचे स्क्रू-क्लिपा हळूच सैल करा. काच पडणार नाही एवढा हात असू द्या, दिव्याकडे थेट बघू नका. चित्र सुधारलं तर दोष पकडीचा. नाही सुधारलं तर आरसा काढून त्यात दूरच्या एखाद्या सरळ रेघेचं प्रतिबिंब तिरक्या नजरेने बघा आणि डोकं हलवत राहा. रेघ लाटेसारखी हलली तर काचच मुळात वाकडी आहे.

उपाय म्हणजे तीन टेकू, चार नाहीत. तिवई कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तसंच. तीन ठिकाणी मऊ सिलिकॉनचे छोटे ठिपके द्या आणि काच दाबून बसवू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, त्यातलं आम्ल मुलामा खातं. जाड काच मिळाली तर घ्याच: मुलामा पुढे असल्याने जाडीमुळे चित्रात फरक पडत नाही, आणि जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. ॲक्रिलिकचा आरसा हलका आणि न फुटणारा असतो हे खरं, पण पॅनेलनंतर त्याला थारा देऊ नका.

बाक आणि कल यांत गल्लत करू नका. चित्राची वरची कड धारदार आणि खालची मऊ असेल तर तो नुसता कल आहे. आरसा १ अंश चुकला की प्रकाशाची दिशा २ अंश चुकते, आणि २२८ मिमी उंचीच्या पॅनेलवर त्या २ अंशांचा फरक जवळजवळ ८ मिमी होतो. म्हणून टेकूंच्या मागच्या पट्टीला फिरवता येणारे स्क्रू ठेवा. हे दहा मिनिटांचं काम आहे, घाबरायचं कारण नाही.

बारीक ओरखड्यांची आणि धुळीचीही फार चिंता नको. आरसा फोकसमध्ये नसतो, त्यामुळे ते ठिपके पडद्यावर उमटत नाहीत, कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो इतकंच. रबरी फुग्याने धूळ उडवा, कापडाने पुसू नका, आणि अमोनिया असलेला काच-क्लीनर ॲल्युमिनियमच्या मुलाम्याजवळ आणू नका. साध्या ॲल्युमिनियमचा आरसा सुमारे ८८ ते ९० टक्के उजेड परतवतो. ९५ टक्केवाल्यासाठी जीव टाकणारे आहेत, पण तो फरक डोळ्याला कळणं कठीण.

स्क्रूंनी कल जुळवा, तासभर चालू ठेवा, तापलेल्या अवस्थेत पुन्हा जुळवा, आणि मगच झाकण बंद करा.