अमेरिकेत वसुली एजन्सीचा फोन आला तर काय करायचं?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने कर्ज बुडवलेलं नसलं तरी हा फोन येऊ शकतो. विमा कंपनीने अर्धवट सोडलेलं हॉस्पिटलचं बिल असतं, नाहीतर सोडलेल्या अपार्टमेंटच्या साफसफाईचे पैसे. आपण संकोचून "हो, बघतो, भरतो" म्हणून मोकळे होतो. नेमकं तेच करायचं नाही.

फोनवर काहीही कबूल करू नका. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), कार्ड किंवा बँक खात्याचा नंबर सांगू नका. एजन्सीचं नाव-पत्ता लिहून घ्या, "मला लेखी पाठवा" म्हणा आणि फोन ठेवा.

१९७७च्या फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस अ‍ॅक्टनुसार पहिल्या संपर्कातच किंवा त्यानंतर पाच दिवसांत एजन्सीने व्हॅलिडेशन नोटीस, म्हणजे कर्जाचा लेखी तपशील, द्यायची असते. मूळ धनकोने, म्हणजे ज्याचे पैसे देणं आहे त्याने, स्वतःच्या नावाने तगादा लावला तर हा कायदा सहसा लागू होत नाही. तो बाहेरच्या वसुलीवाल्यांसाठी आहे.

नोटीस शांतपणे वाचा. मूळ रक्कम, व्याज, इतर आकार, तुम्ही भरलेले पैसे हे सगळं वेगवेगळं दाखवलेलं असायला हवं. सरकारी नमुन्यात खाली फाडून पाठवायची चिठ्ठी असते. 'हे कर्ज माझं नाही', 'रक्कम चुकीची आहे', अशा अर्थाच्या चौकटी असतात. पैसे भरण्याची चौकटही त्याच चिठ्ठीवर असते, तेव्हा खूण जपून करा.

हरकत लेखीच घ्या, आणि नोटिशीवर छापलेल्या तारखेच्या आत. नोटीस मिळाल्यापासून किमान ३० दिवस मिळतात. मूळ धनको कोण, तेही त्याच पत्रात विचारा. पत्र सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह पाठवा आणि प्रत ठेवा. मग पुरावा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. नुसतं फोनवर "मला मान्य नाही" म्हटलं तर हे संरक्षण मिळत नाही. येणारा पुरावा कधी कधी अगदी त्रोटक असतो, म्हणून आपली बिलं आणि पावत्या काढून ताडून बघा.

कर्ज फार जुनं असेल तर जास्तच सावध राहा. "निदान वीस डॉलर तरी भरा" हे ऐकायला सोपं वाटतं, पण अनेक राज्यांत एवढ्यानेही कोर्टात दावा लावण्याची संपलेली मुदत पुन्हा सुरू होऊ शकते. आधी तुमच्या राज्याची मुदत तपासा.

सकाळी ८च्या आधी किंवा रात्री ९नंतर फोन, शेजाऱ्यांकडे कर्जाची वाच्यता, अटकेच्या किंवा व्हिसा रद्द करण्याच्या खोट्या धमक्या, हे बेकायदा आहे. तारीख-वेळ टिपून सीएफपीबीकडे (ग्राहकांच्या आर्थिक हक्कांसाठीची केंद्र सरकारची संस्था) किंवा राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार करा.

कोर्टाचं समन्स आलं तर मात्र हरकतीच्या पत्राच्या भरवशावर राहू नका. मुदतीत उत्तर दाखल केलं नाही तर निकाल एकतर्फी लागू शकतो आणि बहुतेक राज्यांत पगारातून पैसे कापले जाऊ शकतात. वकील परवडत नसेल तर त्याच दिवशी जवळच्या लीगल एड संस्थेला फोन करा.